पाळकाला आई पाहिजे

लेहुआने नाहोआशी लग्न केलं त्याला बरीच कारणं होती. तो दिसायला बरा होता, गळा गोड होता, आणि त्याला आई नव्हती. यातलं तिसरं कारण तिने कधी कुणाला सांगितलं नाही. पण वाइपुनाच्या खोऱ्यातल्या तिच्या बहिणी सासवांची गाऱ्हाणी घेऊन ओट्यावर बसायच्या तेव्हा ती आत जाऊन देवाचे आभार मानून यायची.

आई नव्हती म्हणजे, नाहोआ जिला आई म्हणायचा ती लग्नाआधीच देवाघरी गेली होती. ती खरं तर त्याची आजी. थोरलं नातवंड आजीने मागून घ्यायचं, ही बेटावरची जुनी रीत. तिला हानाई म्हणतात. मागितलं की द्यायचं. देणारीने रडायचं नाही आणि घेणारीने परत करायचं नाही. नाहोआला जन्म दिला तो आजीच्या लेकीने, हॅरिएटने. पण मूल आजीच्या मांडीवर गेलं तशी हॅरिएट त्याची ताई झाली, आणि पुढे लेहुआची नणंद. ती लास वेगासला राहायची, दर नाताळला सुक्या मांसाच्या पाकिटांचा खोका पाठवायची आणि फोनवर दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलायची नाही. यात गुपित काहीच नव्हतं. सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. अशी नणंद देवाने प्रत्येकीला द्यावी, असं लेहुआचं मत होतं.

सगळं सुरळीत चाललेलं असताना होनोलुलूच्या चर्च-महासभेला वाइपुनाची आठवण झाली. नाहोआ वाइपुनाच्या चर्चचा पाळक, आणि त्याची मंडळी आता मूठभर उरली होती. निम्मं खोरं महागाईला कंटाळून लास वेगासला गेलं होतं आणि तिथल्या जुगारखान्यांत पत्ते वाटत होतं. महासभेचं म्हणणं, मेंढरं जिथे गेली तिथे मेंढपाळानेही जावं. नाहोआने उन्हाळ्याच्या आत वेगासला जाऊन तिथल्या मंडळीचा पाळक व्हावं. वाइपुनाचं चर्च बंद करावं.

चर्चच्या मागे लेहुआच्या बापाची अळूची खाचरं होती. बाप गेल्यावर तिनेच ती राखली होती. गुडघाभर चिखलात उतरून पाण्याचा पाट रोज मोकळा करावा लागतो, नाहीतर कंद कुजतात. वेगासला पाणी म्हणे कारंज्यात बघायला मिळतं. ती रडली, भांडली, पण नाहोआ आज्ञाधारक माणूस. "बोलावणं आलं की जावं लागतं," असं म्हणून तो छतावरच्या गळक्या पत्र्याकडे बघत बसला.

मार्ग काढला तो मोझेसने. मोझेस मंडळीचा कारभारी, एरवी शाळेची बस चालवायचा. दोन संध्याकाळी त्याने महासभेची नियमावली वाचली आणि तिसऱ्या दिवशी बस घेऊनच पाळकाच्या दारात आला. पोरं आतच बसलेली होती.

"काहू, तुम्हाला आई नाही, हाच सगळा घोळ आहे," तो म्हणाला. पाळकाला सगळं खोरं काहूच म्हणतं.

"आईला जाऊन तीस वर्षं होत आली, मोझेस."

"तेच म्हणतोय. म्हाताऱ्या आईला किंवा बापाला सांभाळत असलेल्या पाळकाची बदली करू नये, असा नियम आहे. तेव्हा दुसरी बघू."

"दुसरी काय?"

"आई हो! हानाई करू तुमचं. कुणाच्या तरी पदरात घालू."

नाहोआ हसला. लेहुआही हसली. त्या हसण्याचा तिला पुढे फार पश्चात्ताप झाला.

रविवारी उपासना संपल्यावर मोझेसने मंडळीला बसवून ठेवलं आणि विचारलं, "कुणाला मुलगा पाहिजे?" म्हाताऱ्यांनी नाहोआला बाजारातल्या मासळीसारखं निरखलं. एकीने विचारलं, घोरतो का. दुसरी म्हणाली, माझ्याकडे जागा नाही, शिवाय खातो फार. शेवटी पहिल्या बाकावरून टूटू अबिगेलने काठी वर केली. टूटू म्हणजे आजी. ऐंशीच्या पुढची, कानाने तिखट, जिभेने त्याहून तिखट.

"द्या मला," ती म्हणाली. "दोन होते, दोन्ही वेगासला गेले. नाताळला फोन करतात आणि हवा कशी आहे ते विचारतात. हा निदान हाताशी राहील."

टाळ्या झाल्या. अबिगेलने नाहोआच्या गळ्यात पानांची माळ घातली, गालाचा मुका घेतला आणि तिथल्या तिथे रुमालाने त्याचं नाक पुसलं.

लेहुआला वाटलं, मिटलं. त्याच संध्याकाळी मोझेसची बस दाराशी थांबली. आतून एक गादी, एक उशी, पाच कोंबड्या आणि टूटू अबिगेल उतरली.

"टूटू, हे कागदापुरतंच आहे ना?" लेहुआने दारात आडवं उभं राहून विचारलं.

"मुलगा काय कागदापुरता असतो?" अबिगेल म्हणाली. "सर बाजूला. चपला काढू दे."

त्या दिवसापासून लेहुआच्या घराला सासू लागली. आठ वाजले की अबिगेल बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "दिवा बंद करा, त्याला सकाळी उठायचंय!" नवराबायको नव्या जोडप्यासारखी कुजबुजू लागली. ती नाहोआचे केस कापायची, कान तपासायची. एकदा तो गाडी जोरात हाकतो म्हणून तिने दुकानासमोर त्याचा कान पिळला. रविवारी तो क्षमेवर फार सुंदर बोलत होता, मंडळीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पहिल्या बाकावरून हुकूम आला, "नाहोआ, शर्ट आत खोच." त्याने खोचला. मंडळी म्हणाली, "आमेन."

वाईट याचं की नाहोआला ते आवडत होतं. चोपन्न वर्षांचा बाप्या, दोन मुलं होनोलुलूत नोकरीला, आणि हा गुडघा खरचटला तर अबिगेलला दाखवायला जायचा. लेहुआचा संताप संताप झाला.

पण खरी लढाई झाली ती भाताच्या डावावरून. लेहुआकडे विजेचा भातकुकर होता, तरी ती भात पातेल्यात करायची, कारण नाहोआला तळाची खरवड आवडायची. लालसर, करपायच्या बेतात आलेली. पंचवीस वर्षं तिने ती खरवड मोडू न देता त्याच्या ताटात टाकली होती. अबिगेलने दुसऱ्याच दिवशी डाव स्वतःच्या हातात घेतला. वरचा मऊ भात नाहोआला वाढला आणि खरवड खरवडून कोंबड्यांना घातली.

"टूटू, त्याला ती—"

"पोटात दुखतं त्याने. मी दोन पोरं वाढवलीत."

नाहोआने मऊ भात मुकाट्याने खाल्ला. अंगणात कोंबड्या खरवड मटकावत होत्या. लेहुआ खाचरात जाऊन पाटातला गाळ उपसत राहिली आणि स्वतःला बजावत राहिली, ही म्हातारी गेली तर हे खाचरही जाईल. भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण भीक तिला पाहिजेच होती.

महासभेचा माणूस चौकशीला येणार असं कळलं तेव्हा मोझेसच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळला. "नुसतं सांगून तो मानणार नाही. पुरावा पाहिजे. आपल्यात बाळाचं पहिलं वर्ष भरलं की जेवणावळ घालतात ना? तीच घालू."

"वर्ष कुठे झालंय? आणि बाळ कुठेय?" लेहुआ म्हणाली.

"बाळ हे काय," असं म्हणून मोझेसने नाहोआच्या पाठीवर थाप मारली.

जमिनीत खड्डा खणून दगड तापवले गेले, पानांत गुंडाळलेलं डुक्कर पुरलं गेलं, रताळी भाजली, अळूच्या कंदांचा लगदा घोटला गेला. महासभेचे रेव्हरंड फुजिमोतो चर्चच्या आवारात आले तेव्हा रंगीत कागदी पताकांखाली, फुलांच्या माळांत नाकापर्यंत बुडालेला पाळक खुर्चीवर बसला होता आणि केकवरची एकुलती मेणबत्ती फुंकत होता. शेजारी अबिगेल त्याच्या हनुवटीखाली रुमाल धरून उभी होती.

फुजिमोतो किडकिडीत आणि शांत माणूस. त्यांनी केक खाल्ला, डुक्कर खाल्लं, सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. लेहुआने सुटकेचा श्वास घेतला.

"छान रीत," ते म्हणाले. "माझी आई हानाईच होती. पण मला एक सांगा, यांना दिलं कुणी?"

"म्हणजे?" मोझेस म्हणाला.

"हानाईत मूल घेत नाहीत, देतात. देणारं माणूस लागतं. कुणी दिलं?"

"मंडळीने दिलं."

"मंडळीने जन्म दिला होता का?"

ज्या गोष्टीबद्दल बोलायचं नसतं ती आता डुकराच्या शेजारी पानावर वाढलेली होती. नाहोआने हळूच गळ्यातली एक माळ काढली आणि म्हणाला, "हॅरिएटताईने."

"आहेत का त्या?"

"वेगासला."

"मग त्यांनी मंडळीसमोर 'दिला' म्हणायला हवं. नाहीतर हे नाटक आहे, आणि मी महासभेला तसंच कळवीन."

तिथूनच फोन लावला. मोझेसने सगळी हकिगत सांगितली. पलीकडून हॅरिएट म्हणाली, "हे फोनवर बोलायचं नाही. रविवारपर्यंत येते."

शनिवारी छोट्या विमानातून सत्तरी ओलांडलेली हॅरिएट उतरली. केस आखूड कापलेले, हातात काठी, आणि मागून दोरखंडाने बांधलेले तीन अवाढव्य खोके. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जाऊ नये ही बेटाची शिस्त, त्यामुळे खोके कशाचे याबद्दल कुणाला शंका नव्हती. मोझेसने एकेक खोका उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि पुटपुटला, "सुकं मांस. चॉकलेट. यात तर बदाम असावेत." घरी पोचेपर्यंत त्याने ते मनातल्या मनात वाटूनही टाकले होते.

"खोके उघडायचे नाहीत," हॅरिएट म्हणाली. "उद्या उपासनेनंतर."

लेहुआने तिला पंचवीस वर्षांत दोनदाच पाहिलं होतं. जेवताना ती नाहोआकडे बघत होती आणि त्याने वर पाहिलं की खिडकीबाहेर बघत होती. नाहोआ म्हणाला, "ताई, प्रवास कसा झाला?" ती म्हणाली, "बरा." झालं बोलणं. अबिगेलने मात्र तिला त्याच्या सर्दीचा, पोटाचा आणि मोज्यांचा सविस्तर अहवाल दिला. हॅरिएट एकेक शब्द कान देऊन ऐकत होती.

रविवारी चर्च भरलं. पलीकडच्या खोऱ्यातले लोकही तमाशा बघायला आले होते. मोझेस नाहोआच्या कानाला लागला, "काहू, दोन आया आणि एक पोर, ही भानगड शास्त्रात आहे बघा. त्या राजासारखी पोर कापून वाटायला तलवार आणू का?"

"त्यातलं पोर लहान होतं, मोझेस," नाहोआ म्हणाला.

फुजिमोतो उभे राहिले. "हॅरिएटबाई, या मंडळीसमोर विचारतो. तुमचा मुलगा नाहोआ याला टूटू अबिगेलच्या पदरात देता का?"

अबिगेल हात पसरून तयारच होती. लेहुआ मनात म्हणत होती, म्हण बाई हो, म्हण आणि मोकळी कर. एका शब्दाचं काम. एवढं म्हटलं की खाचर राहील, पाट राहील, घर राहील.

हॅरिएट काठीवर रेलून उभी राहिली.

"मी सतरा वर्षांची होते," ती म्हणाली. "आईने मागितला. आईला नाही कसं म्हणायचं? मागितलं की द्यायचं, रडायचं नाही. मी रडले नाही. तो शेजारच्या खोलीत रडायचा आणि माझा झगा दुधाने भिजायचा. मी उठले नाही. मग मी निघून गेले, कारण जवळ राहून ताई होणं मला जमेना. आईबद्दल माझी तक्रार नाही. तिने छान वाढवला. पण त्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. मागितला होता, विचारलं नव्हतं. आज चोपन्न वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय. विचारलंत म्हणून सांगते. नाही देत."

नाहोआ पाळकाच्या खुर्चीत बसला होता तो पुढे वाकला आणि त्याने तोंडावर हात घेतला. लेहुआचेही डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला दिसलं की सगळं संपलं.

फुजिमोतोंनी घसा खाकरला. "मग प्रश्नच मिटला. आई हयात आहे, म्हातारी आहे, आणि वेगासला आहे. मुलाने आईजवळ राहावं हे उत्तमच. काहू, महिनाअखेरीस निघा."

"हात दाखवून अवलक्षण!" मोझेस कळवळून म्हणाला.

"कोण वेगासला आहे?" हॅरिएटने विचारलं. "मोझेस, खोके आण."

मोझेसने खोके ओढत वेदीपुढे आणले आणि दोऱ्या कापल्या. पहिल्यातून निघाले झोपायचे झगे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि गरम पाण्याची पिशवी. दुसऱ्यातून शिवणयंत्र. तिसऱ्यात आणखी झगे, दोन पातेली, रबरी चपलांचा जोड आणि एक घोंगडी. तो तळापर्यंत हात घालून चाचपत राहिला. सुक्या मांसाचं एक पाकीट नव्हतं. त्याला अगदी भरून आलं.

"परतीचं तिकीट मी काढलेलंच नाही," हॅरिएट म्हणाली. "आई इथे आहे. आता लिहा तुमच्या महासभेला काय लिहायचं ते."

फुजिमोतोंनी खोक्यांकडे बघितलं, नियम आठवून बघितला आणि म्हणाले, "बसतंय नियमात."

एकच गलका झाला. तेवढ्यात पहिल्या बाकावरून अबिगेलचा आवाज आला. आज प्रथमच तो बारीक होता. "मग माझं काय?"

"तुझं काय म्हणजे?" हॅरिएट म्हणाली. "त्याच्या पोटाचं मला काय ठाऊक? तू राहा की."

"प्रभूची स्तुती असो!" मोझेस ओरडला. "आता काहूला दोन आया!" मंडळी गीत म्हणायला उभी राहिली, पेटीवाल्याने सूरसुद्धा धरला.

हॅरिएटने काठी जमिनीवर आपटली. "थांबा. घर कुणाचं आहे?"

गीत अर्ध्यावर थांबलं.

"मला विचारलं नव्हतं तेव्हा," ती म्हणाली. "हिला विचारा."

सगळी मंडळी वळून लेहुआकडे बघू लागली. लेहुआ हादरली. बदली ठरली, अबिगेल आली, बाळाचं वर्ष झालं, यातलं काहीच तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि इतक्या गडबडीत ते तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. आता नाही म्हणायची संधी समोर होती. नाही म्हटलं तर वेगास, हो म्हटलं तर एकीच्या जागी दोन सासवा. अबिगेलची एक कोंबडी बाकांमधून चालत गेली, तिच्या पायांचा आवाज ऐकू आला. लेहुआने हॅरिएटकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच आग्रह नव्हता. ती खरंच विचारत होती. उत्तर 'नाही' असं आलं असतं तर तिने खोके पुन्हा बांधले असते.

"भाताचा डाव माझ्या हातात राहील," लेहुआ म्हणाली.

"मान्य," हॅरिएट म्हणाली. अबिगेलने जरा वेळ घेतला, मग मान हलवली.

"आणि दिवा मी म्हणेन तेव्हा बंद होईल."

नाहोआचे कान लाल झाले. मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन."

दुपारी चौघं जेवायला बसली. अबिगेल सवयीने डावाकडे हात नेऊन परत मागे घेत होती. लेहुआ वाढायला उठली तशी हॅरिएटही उठली आणि चुलीपाशी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "त्याला आवडतं काय?"

लेहुआ तिच्याकडे बघत राहिली. अख्ख्या चर्चसमोर ठणकावून बोललेली बाई आता घाबरलेली होती.

"तळाची खरवड," लेहुआ म्हणाली. "लाल झालेली. मोडायची नाही."

"खरवड?" हॅरिएटने पातेल्यात वाकून पाहिलं. "मलाही तीच लागते. वेगासला सगळे हसतात मला."

लेहुआने डाव तिच्या हातात दिला. "आजच्यापुरता हं," ती म्हणाली.

हॅरिएटने बेताबेताने तळ खरवडला, मोठा तुकडा अखंड उचलला आणि नाहोआच्या ताटात ठेवला. अबिगेलने पोटदुखीबद्दल काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, लेहुआकडे पाहिलं आणि मिटलं. नाहोआने तुकडा कुडूमकुडूम चावत संपवला. मग ताट हातात धरून म्हणाला, "अजून आहे का गं," आणि पुढे काय म्हणावं ते न सुचून थांबला. ताई म्हणवेना, आणि दुसऱ्या शब्दाची जिभेला सवय नव्हती.

"काहीही म्हण," हॅरिएट म्हणाली, "पण ताट पुढे कर."